जपानची बंदरे उघडली तेव्हा

जुलै १८५९ मध्ये योकोहामा या मच्छीमारांच्या खेड्यात परदेशी जहाजांसाठी बंदर खुले झाले. तिथे उतरलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी भाव विचारायला सुरुवात केली आणि ते चकित झाले. उत्तम प्रतीचे कच्चे रेशीम जपानात फारच स्वस्त होते. चांदी देऊन सोने घ्यायचे म्हटले, तर तेही बाहेरच्या एक तृतीयांश भावात मिळत होते. उलट साखर, लोखंड, सुती कापड या वस्तू इथे महाग होत्या आणि लोकरी कापड तर सामान्य जपानी माणसाने पाहिलेलेच नव्हते. जगाच्या बाजारात एक भाव आणि या बेटांवर भलताच दुसरा, अशी ही स्थिती दोन शतकांहून अधिक काळ टिकून होती.

ती टिकवली होती तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे देशाच्या लष्करी शासकांनी. १६३० च्या दशकात त्यांनी एकामागून एक फर्माने काढून देशाचे दरवाजे जवळजवळ बंद केले. जपानी माणसाने देश सोडून जाणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला. युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरात, देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर राहायची मुभा होती. चिनी व्यापारीही नागासाकीपुरते येत आणि त्सुशिमा बेटामार्गे कोरियाशी थोडी देवघेव चाले. तीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाच्या मानाने हा व्यापार अगदीच किरकोळ होता.

म्हणून तो देश मागासलेला होता असे नाही. एडो, म्हणजे आजचे टोकियो, अठराव्या शतकातच दहा लाखांच्या घरातले शहर होते. ओसाकात तांदळाचे सौदे होत, साक्षरता चांगली होती, कारागिरी तर अप्रतिम होती. मात्र आपल्याला लागणारी प्रत्येक वस्तू आपणच पिकवायची किंवा बनवायची, याची किंमत लोक मोजत होते. ती सर्वांत क्रूरपणे दिसायची दुष्काळात. १७८० च्या दशकातला तेनमेई दुष्काळ आणि १८३० च्या दशकातला तेनपो दुष्काळ यांनी असंख्य बळी घेतले. त्या काळात बाहेरून तांदूळ आणण्याची सोयच नव्हती. देशातल्या देशातही सरदार आपापल्या जहागिरीच्या सीमा बंद करून धान्य अडवत. पुढे १८६९ साली पीक बुडाले, तेव्हा मात्र परदेशी तांदूळ जहाजांनी जपानच्या बंदरांत उतरला. व्यापाराचे फायदे मोजताना हिशेबनीसांच्या नजरेतून हा फायदा अनेकदा निसटतो. तो खरे तर सगळ्यांत आधी नोंदवायला हवा.

जपानने हे दार आपणहून उघडले नाही. जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी चार युद्धनौका घेऊन एडोच्या खाडीत आला आणि पुढच्या वर्षी त्याने तह करून घेतला. १८५८ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याशी व्यापारी करार झाले. परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालवता येणार नव्हता. १८६६ च्या करारानंतर जपानला बहुतेक आयातीवर पाच टक्क्यांच्या आसपासच शुल्क लावता येत होते. हे अपमानास्पद करार होते. त्यांतून मोकळे व्हायला जपानला जवळपास अर्धे शतक लागले, आणि जकात ठरवण्याचा पूर्ण अधिकार १९११ मध्ये परत मिळाला. व्यापार लाभाचा असतो म्हणून तो तोफांच्या धाकाने लादणे योग्य ठरत नाही.

पण याच सक्तीमुळे अर्थशास्त्राला एक दुर्मीळ संधी मिळाली.

लंडनमधला दलाल आणि अर्थचिंतक डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये एक साधे उदाहरण मांडले होते. इंग्लंडला ठराविक कापड विणायला वर्षभरासाठी १०० माणसे लागतात आणि ठराविक दारू गाळायला १२०. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत आणि तीच दारू ८० माणसांत जमते. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावेच का? घ्यावे, असे रिकार्डो म्हणतो. पोर्तुगालने ८० माणसांची दारू देऊन इंग्लंडचे कापड घेतले, तर स्वतः विणायला लागणाऱ्या ९० पैकी १० माणसे वाचतात. इंग्लंडने १०० माणसांचे कापड देऊन दारू घेतली, तर त्याची २० माणसे वाचतात. दोघेही आधीपेक्षा बऱ्या स्थितीत येतात. आपण कोणापेक्षा सरस आहोत, यापेक्षा आपल्या स्वतःच्या कामांपैकी कशात आपली मेहनत सर्वांत कमी वाया जाते, हे पाहायचे असते. नामांकित शल्यचिकित्सक टंकलेखनातही आपल्या मदतनिसापेक्षा वेगवान असेल, पण टंकलेखन करत बसलेला त्याचा प्रत्येक तास एका शस्त्रक्रियेचा असतो.

हे तत्त्व कागदावर पटते. ते प्रत्यक्षात तपासायचे कसे, हा प्रश्न दीर्घकाळ अडून राहिला. तपासायला दोन प्रकारचे भाव हवेत: देश पूर्ण बंद असतानाचे आणि तो उघडल्यानंतरचे. जगातले बहुतेक देश इतिहास सुरू झाल्यापासून शेजाऱ्यांशी देवघेव करत आले आहेत, त्यामुळे पहिले भाव कुठेच सापडत नाहीत. जपानात ते सापडतात. १८५० च्या दशकातल्या बाजारभावांच्या नोंदी तिथे जपलेल्या आहेत. देश उघडला तोही झटक्यात. शुल्क जवळपास नव्हतेच आणि सुरुवातीची काही वर्षे उत्पादनाच्या पद्धतीही जुन्याच होत्या.

डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राऊन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या नोंदी घेऊन २००४ आणि २००५ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. १८६८ ते १८७५ या वर्षांत जपानने जे विकले आणि जे विकत घेतले, त्याला त्यांनी बंदरे उघडण्यापूर्वीचे भाव लावले. तत्त्व खरे असेल, तर जुन्या भावाने आयातीची किंमत निर्यातीपेक्षा जास्त भरायला हवी, कारण देश घरात स्वस्त असलेले विकून घरात महाग असलेले घेत असणार. या सगळ्या वर्षांत नेमके तसेच आढळले. दुसऱ्या निबंधात त्यांनी लाभ मोजला: १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान याच पद्धतीने उघडला असता, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या फार तर आठ ते नऊ टक्क्यांइतका फायदा झाला असता.

आठ-नऊ टक्के म्हणजे थोडे की पुष्कळ? नवी जमीन लागवडीखाली न आणता, एकही नवे यंत्र न बसवता, कोणाला एक तासही जास्त न राबवता, केवळ वस्तूंच्या अदलाबदलीने मिळालेले हे उत्पन्न आहे, आणि ते दरवर्षी मिळणारे आहे. नवी यंत्रे, नवे कसब, नव्या कल्पना यांतून पुढे आलेला फायदा यात धरलेलाच नाही. तरीही आकडा जादूचा नाही, हेही मान्य करावे लागते. व्यापारामुळे गरीब देश रातोरात श्रीमंत होतो असे सांगणारे लोक अतिशयोक्ती करतात. व्यापाराने देशाच्या हाती दरवर्षी थोडी जास्त पुंजी पडते. तिचे काय करायचे हे त्या देशाने ठरवायचे असते.

जपानने काय केले ते रेशमाच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट दिसते. बंदरे उघडली तेव्हा युरोपात रेशीमकिड्यांवर पेब्रिन नावाचा रोग पसरला होता आणि फ्रान्स-इटलीतले संगोपन उद्ध्वस्त झाले होते. लुई पाश्चरने या रोगाचा अभ्यास १८६५ मध्ये हाती घेतला. तोपर्यंत इटालियन व्यापारी निरोगी अंडीपुंजांच्या शोधात थेट योकोहामाला पोहोचू लागले होते. कागदाच्या तावांवर चिकटवलेली जपानी अंडी जहाजांनी भूमध्य समुद्राकडे जाऊ लागली. रेशीम आणि अंडीपुंज मिळून पहिल्या वर्षांत जपानच्या निर्यातीचा निम्म्याहून मोठा हिस्सा व्यापत होते. त्याखालोखाल हिरवा चहा होता, आणि त्याचे मुख्य गिऱ्हाईक अमेरिका.

या पैशाचे वाटपही लक्षात घेण्यासारखे आहे. तुतीची लागवड डोंगरउतारावर, भाताला नालायक जमिनीवर होत असे. किड्यांचे संगोपन घरातल्या माडीवर आणि बहुतांशी बायकांच्या हातून. त्यामुळे रेशमाचा वाढलेला भाव गुन्मा आणि नागानो या डोंगराळ भागांतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या घरात पोहोचला. मागणी वाढली तशी युक्तीही वाढली. डोंगरातल्या थंड वारा येणाऱ्या कपारींत अंडी ठेवून त्यांचे उबणे लांबवायचे आणि उन्हाळ्यात, शरदात पुन्हा पीक घ्यायचे, ही पद्धत रूढ झाली. १८७२ मध्ये सरकारने गुन्मातल्या तोमिओका इथे फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्रुना याच्या देखरेखीखाली आधुनिक रेशीम कारखाना उभारला आणि तिथे शिकलेल्या मुलींनी हे कसब गावोगावी नेले. ही वास्तू २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १९०९ च्या सुमारास जपानने चीनला मागे टाकले आणि तो कच्च्या रेशमाचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला. या रेशमाच्या कमाईतून देशाने यंत्रे, रेल्वेचे साहित्य, लोखंड आणि कापूस घेतला. निर्यातीचा अर्थ इथे नीट दिसतो: बाहेर पाठवलेला माल हा खर्च आहे आणि त्याच्या बदल्यात घरी येते ते खरे उत्पन्न. आपल्याकडे आजही निर्यात वाढली की टाळ्या पडतात आणि आयात वाढली की कपाळावर आठ्या येतात.

मात्र याच रेशमाने क्योतोच्या निशिजिन पेठेतले माग बंद पाडले. निशिजिनचे विणकर राजघराण्याची आणि सरदारांची भरजरी वस्त्रे विणत. कच्चे रेशीम योकोहामाकडे वळले, भाव चढले आणि त्यांना धागा परवडेना. १८६० मध्ये शोगुनच्या सरकारने रेशमासह पाच वस्तू आधी एडोच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे पाठवण्याची सक्ती करून पाहिली, पण माल आडवाटेने बंदरावर जातच राहिला. दुसरीकडे सोन्याचा घोळ झाला. जपानात सोन्या-चांदीचे प्रमाण एकास पाच होते, बाहेर एकास पंधरा. परदेशी व्यापाऱ्यांनी चांदी देऊन सोन्याची कोबान नाणी उचलली आणि शांघायला नेऊन तिप्पट केली. सरकारने १८६० मध्ये हलक्या वजनाची नाणी पाडून ही गळती थांबवली, त्याबरोबर महागाई भडकली. ठरलेल्या शिध्यावर जगणारे सामुराई त्यात भरडले गेले. परकीयांना हाकलून द्या, ही त्या दशकातली आरोळी केवळ अभिमानातून आलेली नव्हती. तिच्यामागे रिकामी होत चाललेली भांडीही होती.

निशिजिनने पुढे जे केले त्याबद्दल आदर वाटतो. राजधानी टोकियोला गेल्यावर हवालदिल झालेल्या क्योतोने १८७२ मध्ये या पेठेतली तीन माणसे फ्रान्समधल्या ल्यों शहरी पाठवली. येवल्याच्या विणकरांच्या परिचयाचा जकार्ड माग आणि झटक्याचा धोटा त्यांनी तिथे शिकून घेतला. दोघे सुखरूप परतले. तिसरा, योशिदा चुशिची, १८७४ मध्ये परतीच्या वाटेवर जपानच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मरण पावला. निशिजिनची पेठ आजही विणते आहे. ज्या परदेशांनी त्यांचा धागा महाग केला, त्यांच्याकडूनच ते नवे तंत्र शिकले. पण त्यांना पाठवायला पैसा सरकारी होता, हे विसरून चालणार नाही.

या कहाणीत मुंबई येते ती सुतामुळे. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचे सूत जपानात जोरात खपत होते, कारण तिथल्या हातमागांना हाताने कातलेल्या सुतापेक्षा ते स्वस्त आणि एकसारखे मिळे. मग शिबुसावा एइची या उद्योजकाच्या पुढाकाराने ओसाकात १०,५०० चात्यांची वाफेवरची गिरणी उभी राहिली आणि १८८३ मध्ये ती चालू झाली. तिच्या पाठोपाठ इतर निघाल्या. दशकभरात मुंबईच्या सुताचा जपानी बाजार आटला आणि पुढे चीनच्या बाजारातही जपानी सूत मुंबईला भिडले.

मुंबईचे नुकसान झाले खरे, पण सूत विकत घेणारा जपान आता कापूस मागू लागला, आणि कापूस होता वऱ्हाड-खानदेशात. अडचण होती ती वाहतुकीची. मुंबई ते जपान ही वाट पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आणि तिच्या ऑस्ट्रियन व इटालियन भागीदारांच्या मुठीत होती. ठरवतील ते भाडे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले. त्यांनी निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी करार केला, आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी त्या कंपनीचे ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाले. जपानची दूर पल्ल्याची ही पहिली नियमित जहाजसेवा. पी अँड ओने भाडे इतके पाडले की टाटांना काही काळाने या वाटेवरची आपली जहाजे मागे घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्यामागे कापूस घेणाऱ्या गिरण्यांची संघटना उभी होती. जहाजभाडे कमी होणे हा व्यापारातला सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. जकातीवर संसदेत भाषणे होतात, भाड्यावर होत नाहीत. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव मात्र दोन्हींनी सारखाच घटतो.

१८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरचे आयात शुल्क पूर्ण काढून टाकले. ओसाकाजवळच्या कावाची भागातली आणि इतरत्रची कापसाची शेती त्यानंतर जवळजवळ नाहीशी झाली. गिरण्या वाढल्या. त्यांत कोवळ्या वयाच्या मुली रात्रपाळीत राबल्या आणि क्षयाने खंगल्या. त्यांच्यासाठीचा कारखाना कायदा १९११ मध्ये झाला आणि १९१६ पर्यंत अमलातच आला नाही. तिकडे खामगाव, अमरावती, अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधून बांधलेल्या आखूड धाग्याच्या कापसाच्या गाठी मुंबईमार्गे कोबे आणि ओसाकाला जात राहिल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपान भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनले.

१९३३ मध्ये या नात्याची कसोटी लागली. मंदीचे दिवस होते, येनचा भाव पडला होता, आणि जपानी कापड भारतात फार स्वस्त येत होते. मुंबईच्या गिरणीमालकांच्या मागणीवरून भारत सरकारने जूनमध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरचे शुल्क ७५ टक्क्यांवर नेले. जपानी गिरण्यांनी उत्तर दिले ते भारतीय कापसावर बहिष्कार घालून. म्हणजे परळ-लालबागचे माग वाचवण्याचा खर्च वऱ्हाडातल्या कापूसवाल्याच्या माथी पडला. सिमला आणि दिल्लीत वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यायचा, त्या बदल्यात ३२.५ कोटी वार कापड भारतात पाठवायचे. कापूस पंधरा लाख गाठी घेतला, तर कापड ४० कोटी वारांपर्यंत. शुल्कही ५० टक्क्यांवर आले. आयात आणि निर्यात ही एकाच देवघेवीची दोन टोके आहेत, हे इतक्या उघडपणे कागदावर क्वचितच लिहिले गेले असेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते हटवले आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांनी आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांनी स्वागत केले. विदर्भ-मराठवाड्यातले कापूस उत्पादक हंगामाच्या तोंडावर संतापले. दोघांचेही म्हणणे खरे आहे. स्वस्त कापसाने सूत, कापड आणि शिलाईतले लाखो रोजगार टिकायला मदत होते, आणि त्याच निर्णयाने यवतमाळच्या शेतकऱ्याचा भाव खाली येतो. देशाचा एकूण फायदा तोट्यापेक्षा मोठा असेल, तर त्या फायद्यातला वाटा त्या शेतकऱ्यापर्यंत नेणे सरकारला शक्य असते: चांगल्या बियाण्यातून, सिंचनातून, वेळेवर होणाऱ्या हमीभावाच्या खरेदीतून. क्योतोने १८७२ मध्ये आपल्या विणकरांसाठी जे केले ते याच जातीचे होते, तर कावाचीच्या कापूसवाल्यांसाठी १८९६ मध्ये कोणी काही केले नाही. तेव्हा पुढच्या खेपेला आयात शुल्क घटल्याची किंवा वाढल्याची बातमी वाचताना ‘देशाला फायदा की तोटा’ एवढ्यावर थांबू नका. त्या बातमीत ज्याचे नाव छापलेले नाही तो कोण आहे, हे शोधा आणि त्याच्यासाठी काय तरतूद केली, असे आपल्या खासदाराला विचारा.